तलावाच्या अलीकडची बाग

नाहूर, ३ ऑगस्ट २०२५

प्रिय चेतना,

मे महिन्याची दुपार होती. तुझ्या क्वार्टरच्या मागच्या खिडकीला कूलर लावलेला, त्यातून ठिबकणारं पाणी साठावं म्हणून खाली घमेलं ठेवलेलं, आणि त्या घमेल्यात तुझे-माझे मिळून चार पाय. तुझ्या मांडीवर सहावीचे पेपर. मी नवी नवरी, अंधेरीहून नुकतीच आलेली. मी विचारलं, तुमच्या अमरावतीत ईस्ट कुठली आणि वेस्ट कुठली? तू म्हणालीस, "सूर्य निघते तिकडे ईस्ट, बाई." मी म्हटलं तसं नाही गं, स्टेशनच्या कुठल्या बाजूला काय मिळतं ते सांग. तू इतकी हसलीस की दोन पेपर घमेल्यात पडले. त्या ओल्या पेपरांना तू पासापुरते मार्क देऊन टाकलेस.

ते आठवलं आणि लिहायला बसले. आमच्या शाळेत सिस्टर सांगायच्या, पत्रात आधी ख्यालीखुशाली, मग काम. मी उलटंच केलं.

तुझा पत्ता माझ्या मुलीने, श्रुतिकाने मिळवला. तिने अनिरुद्धला फेसबुकवर शोधलं. तो म्हणाला, आईला फोनवर ऐकू येत नाही, कानातलं मशीन ती डब्यात ठेवते, पत्र लिहा. मला ते बरंच वाटलं. इतक्या वर्षांनी तुझा आवाज एकदम ऐकायचं मला धाडस नव्हतं. मधे तू पत्रं बंद का केलीस हे मला कधी कळलं नाही. पण त्यावर आता नको.

आमची इमारत पाडणार आहेत. सोसायटीच्या मीटिंगा संपल्या, सह्या झाल्या. डिसेंबरअखेर सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि नवीन इमारत होईपर्यंत, म्हणजे तीनेक वर्षं, बिल्डर देईल त्या भाड्यात कुठेतरी राहायचं. श्रुतिका म्हणते चारकोपला माझ्याकडे या. तिचं घर एका बेडरूमचं, आणि त्या बेडरूममध्ये तिच्या मुलाचा अभ्यास. आणि हे म्हणतात, अमरावतीला जाऊ. रोज म्हणतात. यांची तब्येत उत्तम आहे.

म्हणून विचारते, तुमचं शहर आता कसं आहे? कॅम्प अजून तसाच शांत आहे का? कमिशनर ऑफिसच्या रस्त्यावरची झाडं? आणि हे विचारतात, वडाळी तलावाच्या अलीकडे जी मोठी बाग आहे, मधे वाचनालय असलेली, त्या रस्त्याला दोन खोल्या मिळतील का? मला ती बाग आठवत नाही. आम्ही तिथून निघाल्यावर झाली असेल. यांना कशी ठाऊक, ते मात्र कळत नाही.

अंबादासभाऊंना नमस्कार.

तुझी,
विमला


नाहूर, २४ ऑगस्ट

प्रिय चेतना,

अंबादासभाऊ गेले, हे तू एका ओळीत लिहिलंस आणि पुढच्या ओळीत फ्लायओव्हरबद्दल. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. आमच्या लग्नानंतरचा पहिला गॅस त्यांनीच स्वतःच्या सायकलवरून आणून दिला होता. तुला आवडणार नाही म्हणून जास्त लिहीत नाही.

शहराचं तू छान लिहिलंस. पाच जिल्ह्यांची माणसं सकाळी एसटीतून उतरतात, हातात कागद, दुपारपर्यंत साहेब भेटला तर ठीक, नाहीतर गिला वडा खाऊन परत. आपल्या वेळेस या गावात साहेब होते, वकील होते आणि संत्र्याचे व्यापारी होते. आता त्यात दवाखाने आणि क्लासवाले आले, आणि कॅम्पातल्या बंगल्यांवर पाट्या इतक्या की बंगला दिसत नाही. पण तरी गाव संध्याकाळी लवकर घरी जातं, असं तू म्हणतेस. ते वाचून मला एकदम तिकडची संध्याकाळ आठवली. मी दारात उभी राहायचे. इथे अंधेरीला त्या वेळी दुकानांचे दिवे लागायचे आणि तिथे रस्ता रिकामा व्हायचा.

पण बागेचं कसं? तू लिहितेस, "अशी बाग अमरावतीत नव्हती, नाही, अन् होईल असंही वाटत नाही. भाऊजी कोणत्या गावची बाग सांगून राह्यले?"

मी यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते रागावले नाहीत. मला समजावून सांगू लागले, लहान मुलाला सांगावं तसं. म्हणाले, क्वार्टरमधून निघालं की वर जायचं, मग उजवीकडे रुंद रस्ता लागतो, त्याच्या खाली शाळेचं मैदान, आणि त्याला लागून बाग. मी म्हटलं, अहो, अमरावती सपाट आहे, वर काय आणि खाली काय. ते म्हणाले, "तुला दिशा कळत नाहीत."

खरं आहे ते. परकोटाची वेस अंबादेवीला जाताना कुठल्या हाताला लागायची, हे मला सांगता येईना. यांनी झटकन सांगितलं. जुनं रेल्वे स्टेशन, राजकमल चौकातून फुटणारे रस्ते, इर्विनचा दवाखाना, सगळं. मी ते तुला लिहून पाठवतेय, खरं-खोटं तू बघ. मला आता कुणाचं खरं मानावं तेच कळेनासं झालंय. मी तिथे चार वर्षं राहिले. एवढी मोठी बाग असती तर मी तिथे गेले नसते का? मला तर तेव्हा कुठेतरी जायला हवंच होतं.

कदाचित हे नाशिकची बाग सांगत असतील. नाशिकलाही आम्ही होतो. थोडं विसरायला होतं यांना, वयाप्रमाणे. परवा फिरायला गेले ते भांडुपच्या बाजूला कुठेतरी लांब निघाले. आमच्या वॉचमनने रिक्षात घालून आणलं. त्याला म्हणाले, ऑफिसला उशीर झालाय. तसं काळजीचं काही नाही.

आणि मी तरी काय सांगणार? गेल्या महिन्यात मी जोगेश्वरीला गेले होते, आम्ही शाळेतून लेणी बघायला जायचो ती वाट शोधत. सापडली नाही. एका बाईला विचारलं तर ती म्हणाली, "आंटी, तुम्ही उभ्या आहात तीच वाट."

तुझी,
विमला


नाहूर, २१ सप्टेंबर

प्रिय चेतना,

तू लिहिलंस की वेस, स्टेशन, चौक, सगळं यांनी बरोबर सांगितलं, तंतोतंत, फक्त रुंद रस्ता, मैदान आणि बाग एवढंच खोटं. आणि खाली लिहिलंस, "विमल, तू माझ्यापासून काय लपवून राह्यली?"

लपवत नव्हते. म्हणजे, होते. यांना विसरण्याचा आजार आहे. दोन वर्षं झाली. डॉक्टरांनी नाव सांगितलंय, ते मी लिहीत नाही. सकाळी बरे असतात. दुपारनंतर मी कोण ते कधी आठवतं, कधी नाही. श्रुतिकाने चारकोपजवळ एक जागा बघून ठेवलीय, जिथे अशा माणसांना ठेवतात. स्वच्छ आहे, नर्स आहेत. ती वाईट मुलगी नाही. म्हणाली, "आई, तू पडलीस आजारी, तर दोघांची वाट लागेल. मी काय क्लोन काढू माझा?" बरोबरच आहे तिचं.

पण ज्यासाठी लिहायला बसले ते वेगळंच आहे. तुला पहिलं सांगावंसं वाटलं.

गुरुवारी दुपारी मी यांची नखं कापत होते. एकदम म्हणाले, "बाई, तुमचं नाव काय?"

मी म्हटलं, "विमला."

"आमच्या मंडळींचं पण तेच," ते म्हणाले आणि खूश झाले. मग म्हणाले, "मुंबईची आहे. अंधेरीची. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. तिला इथे करमत नाही. बोलत नाही ती, पण संध्याकाळी दारात उभी असते. मला ऑफिसच्या खिडकीतून दिसत नाही, पण माहीत आहे."

मी नखं कापत राहिले. वर बघितलं असतं तर ते थांबले असते.

ते म्हणाले, साहेबांनी विचारलं, या भागासाठी बाग कुठे दाखवायची? तीन मोकळ्या जागा होत्या, तिन्ही चालण्यासारख्या. मी म्हटलं, साहेब, तलावाच्या अलीकडची घेऊ. साहेब म्हणाले ठीक आहे. क्वार्टरपासून तिला चालत जाता येईल. मधे वाचनालय ठेवलंय, तिला इंग्रजी पुस्तकं लागतात.

मी विचारलं, "मग गेली का ती बागेत?"

"एवढ्यात कुठे," ते म्हणाले. "अजून रंग वाळलेला नाही."

चेतना, तुला आठवतं ना, हे नगररचनेच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. शहर पुढे कसं वाढावं, त्याचा मोठा नकाशा तेव्हा त्यांच्या टेबलावर होता. रविवारीसुद्धा घरी आणून खिडकीशी बसायचे. मी कधी वाकून पाहिलं नाही, शाई सांडेल म्हणून मला लांब ठेवायचे. त्यांना आठवणारी अमरावती ती आहे. 'वर' म्हणजे कागदावर वर. अर्धी अमरावती खरी आणि अर्धी अजून व्हायची, आणि त्यांच्या डोक्यात दोन्ही एकाच रंगात.

आणि ती बाग माझ्यासाठी होती. मला बेचाळीस वर्षांच्या संसारात यांनी कधी गजरासुद्धा न सांगता आणला नाही. आणि सरकारी नकाशात माझ्यासाठी बाग काढून बसले होते, आणि कधी बोलले नाहीत.

मी दोन दिवस हसतेय आणि रडतेय. श्रुतिकाला वाटतं मलाही काहीतरी झालंय.

ती जागा बघून ये ना, चेतना. तिथे आता काय आहे ते मला कळव.

तुझी,
विमला


नाहूर, १२ ऑक्टोबर

चेतना,

तुझं पत्र आलं. तू पाठवलेल्या ओळी मी इथे पुन्हा उतरवते, कारण मला नीट समजलंय की नाही याची खात्री नाही.

ती जागा तुमची होती, बाग कुठली ते तुला पहिल्यापासून ठाऊक होतं. अंबादासभाऊंनी आणि त्यांच्या भावांनी मिळून घेतली होती. घराण्यातली पहिली शहरातली जागा. रजिस्ट्री होईपर्यंत कुणाला बोलायचं नाही, नाहीतर काम फिसकटतं, म्हणून तुम्ही शेजारी असून आम्हाला सांगितलं नाही. मग नकाशा लोकांना बघायला भिंतीवर लावला, हरकती मागवल्या. अंबादासभाऊ बघायला गेले. आपल्या जागेवर बागेचा हिरवा रंग. त्यांनी हरकत लिहिली, खिशात घातली, ऑफिसच्या पायऱ्या चढले आणि तशीच घेऊन परत आले. तू विचारलंस तेव्हा म्हणाले, "भाऊजी रविवारी पण बसून राहते त्या नकाशावर. शेजाऱ्याच्याच कामावर बोट ठेवू काय? त्याची नोकरी जाईन."

त्यांना वाटलं, हरकत घेतली तर यांची चूक ठरेल. हरकत घेणं म्हणजे तक्रार करणं नव्हे, हे त्यांना सांगणारे फक्त हेच होते, आणि त्यांना विचारायचं तर जागेचं सांगावं लागलं असतं.

पुढे आमची बदली झाली. तुम्हाला तिथे घर बांधता येईना, विकता येईना. बाग करायला कुणी आलं नाही आणि घर करू द्यायलाही. भावाभावांत बिनसलं. तुझ्या सासूबाई, सुंदराबाई, त्या जागेवर एक दिवस तरी चूल मांडा म्हणतच वारल्या. मी दिवाळीला कार्ड पाठवायचे. तू लिहितेस, "त्यावर फुलं राहायची. मी पाहायची अन् ठेवून द्यायची."

आणि शेवटी लिहिलंस, "आता तू म्हणतेस बाग माझ्यासाठी होती. होती तर होती. मी काय करू?"

मलाही कळत नाही काय करू. माफी मागावी तर कुणाच्या वतीने? मी काही काढलं नव्हतं. ज्यांनी काढलं त्यांनी वाईट केलं नव्हतं. आणि तरी तुझ्या सासूबाईंची चूल मांडली गेली नाही ती माझ्या संध्याकाळी दारात उभं राहण्यामुळे. हे असं बरोबर आहे का? मी मनाशी मांडून बघते आणि प्रत्येक वेळी वेगळं उत्तर येतं. गेल्या पत्रातला माझा आनंद तुझ्या घरी जाऊन पडला, तो मला परत घेता येत नाही. आणि खरं सांगू, टाकवतही नाही. तो आहे. रात्रंदिवस आहे. आणि त्याच्याशेजारी तू आहेस.

मी यांना सांगितलं. सकाळी, बरे असताना. म्हटलं, तलावाच्या अलीकडची जागा अंबादासभाऊंची होती.

उठून टेबलाशी जाऊन बसले. मग म्हणाले, "अंबादासची? मग बोलला का नाही तो? पेन्सिलीत होतं तोवर पुसलं असतं. दुसऱ्या दोन जागा होत्या की." हाताने टेबलावर पुसल्यासारखं केलं. पुन्हा म्हणाले, "बोलायला पाहिजे होतं त्याने."

दुपारी विसरले. मला विचारलं, बाई, आमच्या मंडळी बागेत जाऊन आल्या का? आधी मी हो म्हणायचे. आता हो म्हणताना तू दिसतेस.

आम्ही अमरावतीला येणार नाही. कुठल्या तोंडाने येणार. श्रुतिकाने बघितलेल्या त्या जागेत यांना ठेवायचं आणि मी तिच्या हॉलमध्ये झोपायचं असं ठरतंय. रोज दुपारी भेटू देतात. तू उत्तर लिहायलाच हवं असं नाही.

विमला


नाहूर, ९ नोव्हेंबर

प्रिय चेतना,

तुझं पत्र श्रुतिकाने आधी वाचलं, कारण पोस्टमनने तिच्या हातात दिलं. वाचून झाल्यावर म्हणाली, "आई, ती बाई अजून रागावलेली आहे. तिने स्पष्ट लिहिलंय. आणि तू तिच्या घरात राहायला जाणार? काही सेन्स आहे का, यार?"

मी म्हटलं, "लिहिलंय म्हणूनच जाणार."

ती म्हणाली तिथे डॉक्टर कोण, रात्री काही झालं तर कोण. मी म्हटलं, पाच जिल्ह्यांची माणसं तिथे दवाखान्यात येतात, मीही जाईन. ती रडली. मग उठून आमची तिकिटं तिनेच काढली. ठाण्याहून गाडी आहे. सोडायला येणार आहे, आणि चार दिवस राहून तुझी परीक्षा घेणार आहे, असं म्हणते. तुम्ही दोघी बघून घ्या.

तू लिहिलेलं मी यांनाही वाचून दाखवलं. "राग हाय, तो राहू दे, तो काही खायला मागत नाही. शेवटी जागा त्या नकाशातून सुटली, तिथंच घर झालं, अनिरुद्धच्या बाबाले त्यात थोडं राहायला भेटलं. आता खाली मी अन् वर दोन खोल्या रिकाम्या. अनिरुद्ध पुण्याचा झाला. आण भाऊजीले. मले ऐकू येत नाही अन् त्याले आठवत नाही, आमचं भांडण कसं होईन?"

हे हसले. कुणाचं पत्र ते कळलं नव्हतं, पण हसले.

चेतना, तिथे येऊन काय होईल मला माहीत नाही. त्यांना गाव ओळखीचं वाटेल की आणखी परकं? तुझ्या अंगणात उभं करून मी त्यांना काय सांगू, ही बाग की हे अंबादासभाऊंचं घर? दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकदम सांगता येत नाही. मी ठरवलंय की ते विचारतील तेव्हा तुझ्याकडे बघेन, आणि तू जे म्हणशील ते. तुझा हक्क आहे. तू 'नाही' म्हणालीस तरी मी मधे बोलणार नाही.

सामान आमच्याआधी ट्रान्सपोर्टने पोचेल. खोकी उघड, वाट बघू नकोस.

दोरीने बांधलेल्या छोट्या खोक्यात सुकट, बोंबील आणि आमसुलं आहेत, ती तुझी. वास येईल, आधी तेच घरात घे. शेजारी वाटू नकोस, तू देऊन टाकशील आणि मग उपाशी बसशील. लोखंडी पेटीत माझी इंग्रजी पुस्तकं आहेत, शाळेत बक्षीस मिळालेलीसुद्धा. ती तू शिकवायचीस त्या शाळेला दे. घेतील का ते विचार, नको म्हणाले तर राहू देत. ड्रॉइंगची कंपासपेटी अनिरुद्धच्या मुलीसाठी, ऋतिकासाठी. ती सुट्टीत येते म्हणालीस ना? टोकं अजून तीक्ष्ण आहेत, सांभाळून म्हणावं. निळ्या कागदात मेणबत्त्या आहेत, अंबादासभाऊंच्या फोटोपुढे लावायला. यांनी दुकानात स्वतः उचलल्या, कशासाठी ते सांगता आलं नाही, पण ठेवूही देईनात. लावायच्या की नाही ते तू ठरव. सुंदराबाईंसाठी माझ्याकडे काही नाही. खूप शोधलं, काहीच पुरेसं वाटलं नाही. त्यांचा फोटो असेल तर मला दाखव एवढंच.

शिलाई मशीन आणि देव श्रुतिकाकडे चाललेत, त्यामुळे ते आले नाहीत म्हणून शोधू नकोस. मोठ्या खोक्यातल्या साड्यांमधली जांभळी इरकल तू घे. मी ती तिथेच, राजकमल चौकात, तुझ्याबरोबर घेतली होती आणि तेव्हा तुलाही तीच हवी होती.

आणि वरच्या खोल्यांची किल्ली. ती माझ्या हातात देऊ नकोस, श्रुतिकाच्याही नको. यांना दे. त्यांना कुलूप लवकर उघडता येत नाही, किल्ली उलटी लावतात, मग थांबतात. तेव्हा कुणी पुढे होऊ नका. दुपारच्या उन्हात उभं राहावं लागलं तरी चालेल. ते उघडतील तोवर आपण दोघी जिन्यातच थांबू.

तुझी,
विमला